पंक्चरबद्दल आभार : एकदिवसीय सहली आखणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सहली आखणारे, गाड्या चालवणारे आणि पुढच्या सीटवरून मागे वळून बोलणारे गाईड, अशा तुम्हा सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या सुट्टीत आम्ही पाच जण तुमच्यापैकी एकाच्या गाडीतून दिवसभर हिंडून आलो. मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखत असूनही कुठल्याच सहलीला नाही न म्हणणाऱ्या सासूबाई. गाडी कोणाची होती ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण घरी आल्यावर मी तुमच्या व्यवसायातली आणखी माहितीपत्रकं चाळली आणि ती सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी निघाली. वरती डरकाळी फोडणारं काहीतरी, खाली धबधबा, आणि मध्ये ठळक लाल अक्षरांत तो शब्द: हमी. ‘वन्यप्राणी दर्शनाची हमी.’

हे पत्र त्या एका शब्दाबद्दल आहे. आधी कबूल करते की त्या शब्दाला भुललेल्यांत मीही होते. नोंदणी करताना फोनवर मी तीनदा विचारलं होतं, ‘नक्की दिसेल ना?’ आणि नवऱ्याने गाडीत बसल्या बसल्या गाईडच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, ‘आज काहीतरी मोठं दाखवा, तुम्हाला खूश करतो.’ तेव्हा जे झालं त्यात आमचा वाटा आहेच. पण पत्र तुम्हाला लिहितेय, कारण आम्ही वर्षातून एकदा जातो आणि तुम्ही रोज जाता.

तुमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला मुलांसाठी प्राण्यांची यादी होती, प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. दिसला की खूण करायची. मुलगा आदल्या रात्री पेन्सिलीला टोक करून, पत्रक उशाशी घेऊन झोपला होता. त्या चौकोनांनी पुढे काय काय केलं ते येईलच ओघात.

एक दिवस, आठ ठिकाणं. सकाळी सहाला निघालो. धबधब्यावर बावीस मिनिटं मिळाली. मी घड्याळ लावून मोजली, कारण त्यातली नऊ सासूबाईंना गाडीतून उतरवून कठड्यापर्यंत नेण्यात गेली. दरीच्या टोकावर पंधरा. जुन्या बुरुजावर ‘ज्यांना चढायचंय त्यांनी पळत जाऊन या’. संग्रहालयासमोरून गाडी फक्त हळू केली आणि गाईड म्हणाले, ‘हे आपलं चौथं ठिकाण.’ मी हसले. मला वाटलं विनोद आहे.

जंगलाच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आता हे तुम्हाला मी शिकवायचं म्हणजे कमालच आहे, पण उन्हं डोक्यावर असताना जंगलातलं प्रत्येक शहाणं जनावर सावली धरून पडलेलं असतं. त्यांची हालचाल असते ती पहाटेची आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावरची. तुम्हाला हे ठाऊक आहे. तरी जंगल दुपारी ठेवलंत, कारण सकाळच्या कोवळ्या उन्हात धबधब्यापुढे फोटो छान येतात आणि संध्याकाळी सूर्यास्ताचा कठडा ठरलेला असतो. म्हणजे ज्याची हमी दिली त्यालाच दिवसातली सगळ्यात नापीक वेळ. मग ती हमी पाळायची कशी? पाठलाग करून. आम्ही पुढे तेच पाहिलं.

चालकाचा फोन वाजला. तो गाईडला काहीतरी पुटपुटला आणि इतका वेळ रमतगमत चाललेली गाडी एकदम उधळली. सासूबाईंचं डोकं खिडकीवर आपटलं. एका वळणावर अकरा गाड्या उभ्या होत्या, आमची बारावी. माणसं टपावर, माणसं बोनेटवर, एक गृहस्थ चक्क खाली उतरून झुडपाकडे निघालेले. सगळे एकमेकांना ‘शूऽऽ’ करत होते आणि त्या शूऽऽचाच केवढा आवाज! झुडपात बिबट्या होता म्हणे. आम्हाला दिसली ती शेपटी. तीही टोकाकडची वीतभर, पानांआड वळताना. मागच्या गाडीने पुढे घुसण्यासाठी हॉर्न दिला आणि शेपटी गेली.

‘झाला!’ मुलगा ओरडला आणि त्याने बिबट्याच्या चौकोनात खूण केली. मुलीने ती खोडली. तिचं म्हणणं, शेपटी म्हणजे बिबट्या नव्हे. त्याचं म्हणणं, मग ती शेपटी कोणाची होती? पुढचा अर्धा तास गाडीत हाच वाद चालला. नवऱ्याने अर्धी खूण करण्याची तडजोड सुचवली, ती दोन्ही पक्षांनी फेटाळली. तुमचे गाईड मात्र खुशीत होते. त्यांची हमी पुरी झाली होती.

मी खिडकीतून त्या झुडपाकडे बघत होते. त्या बिबट्याची दुपार कशी मोडली असेल, त्याच्या मागे पिल्लं असतील का, हे काही मला त्या क्षणी सुचलं नाही. उगाच मोठेपणा घेत नाही. ते सुचलं नंतर, घरी वाचायला बसल्यावर. केनियातल्या मसाई मारामध्ये चित्त्यांच्या माद्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची फार वर्दळ, तिथल्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचली. जिथे वर्दळ कमी, तिथे २.३. आकडा मी दोनदा वाचला. चित्त्याची शिकार म्हणजे काही सेकंदांची धाव. ती एका गाडीने मोडली तर पिल्लं उपाशी. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी येते. कोणी दगड मारत नाही, कोणी बंदूक उचलत नाही, सगळे प्रेमानेच बघायला आलेले असतात.

आणि केनिया तरी कशाला? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. त्याचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. तो व्हिडिओ मीही तेव्हा पाहिला होता आणि ‘काय ही माणसं’ म्हणून पुढे सरकवला होता. बारावी गाडी व्हायची पाळी माझ्यावर यायची होती, एवढंच.

आता माकडांकडे येते. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो डाग अजून मुलीच्या मनगटावर आहे.

सहाव्या ठिकाणी, कड्यावरच्या सज्जात, माकडांची टोळी बसली होती. गाईडनी गाडीच्या पुढच्या कप्प्यातून एक पुडी काढली आणि मुलांच्या हातात चार-चार दाणे दिले. ‘हात पुढे करा, घाबरू नका, रोजची आहेत, ओळखीची आहेत.’ पुडी तयार होती. म्हणजे हे ठरलेलं होतं. तेही हमीतच बसत होतं. मुलाने हात पुढे केला, माकडाने दाणे घेतले, फोटो झाला. मुलीने हात पुढे केला तेव्हा एका थोराड नराने तोंड उघडून तिच्याकडे रोखून पाहिलं. आम्ही सगळे म्हणालो, ‘बघ, हसतोय.’

तो हसत नव्हता. माकडाने तोंड वासून रोखून पाहणं ही धमकी असते. दात विचकणं हे बहुतेक वेळा भीतीचं लक्षण. माणसाच्या पोराला दोन्ही हसू वाटतं. हे आम्हाला ठाऊक नसणं समजू शकतं. रोज त्या सज्जात उभं राहणाऱ्याला ठाऊक नसेल? मुलगी दचकून मूठ मिटून मागे सरली आणि माकडाने ती मूठ उघडायचा प्रयत्न केला. त्याच्या दृष्टीने त्याने रास्तच केलं. हात पुढे आला की त्यात खाणं असतं, हे त्याला तुम्हीच शिकवलंत. नखांनी मनगटावर तीन रेघा उठल्या, एका रेघेतून रक्त आलं.

‘काही होत नाही, नुसतं खरचटलंय,’ गाईड म्हणाले आणि कागदी रुमाल पुढे केला. गाडीत साबण नव्हता. वापरायच्या पाण्याचा कॅन नव्हता. बाराजणांची गाडी, आठ ठिकाणं, जनावरांची हमी, आणि साबणाची वडी नाही! सासूबाईंनी आपल्या पर्समधून साबणाची चपटी वडी काढली, त्या ती बाळगतात आणि आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करत आलोय. सार्वजनिक नळाखाली मुलीचा हात धरून त्या उभ्या राहिल्या. गाडीतली मंडळी घड्याळं बघत होती. सूर्यास्त गाठायचा होता ना.

तेव्हा हे लिहून ठेवते, तुमच्या पत्रकात जागा असेल तर छापा. सस्तन प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धुवायची. पाच नाही, पंधरा. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजचा धोका असेल तिथे रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘नुसतं खरचटलंय’ हे वाक्य म्हणायचा अधिकार गाडीतल्या कोणालाच नाही. आमचं आठवं ठिकाण इस्पितळ झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘खायला घालत होता का?’ आणि आम्ही दोघं नवरा-बायको शाळेतल्या पोरांसारखे जमिनीकडे बघत राहिलो.

खाऊ घालण्याच्या या धंद्याचा इतिहास तुम्हाला सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एके काळी अस्वलांना कचऱ्याच्या ढिगावर जेवताना दाखवायचे आणि बघणाऱ्यांसाठी बाकांच्या रांगा लावलेल्या असायच्या. रस्त्याकडेला गाड्या थांबवून लोक काचेतून अस्वलाला भरवायचे. त्या काळातला अधिकृत हिशेब असा की १९३१ ते १९६९ या वर्षांत अस्वलांमुळे दरवर्षी सरासरी ४८ माणसं जखमी झाली. १९७० पासून त्यांनी कचऱ्याचे ढीग बंद करत आणले, खायला घालण्यावरचा नियम खरोखर पाळायला लावला. फुकटच्या खाण्याला सोकावलेली कित्येक अस्वलं त्या बदलात मारावी लागली. आता तिथे जखमी होण्याचं प्रमाण वर्षाला सरासरी एखाद्या माणसावर आलंय. बाक गेले, गर्दी गेली नाही. लोक अजूनही येतात आणि अस्वल दिसलं तर लांबून बघतात. तुमचा पहिला आक्षेप मला माहीत आहे: दाखवलं नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. यलोस्टोनने तो पन्नास वर्षांपूर्वीच निकालात काढला.

ऑस्ट्रेलियातल्या क’गारी बेटावर, जुनं नाव फ्रेझर बेट, २००१ साली डिंगो कुत्र्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा गेला. पर्यटकांच्या हातचं खाऊन तिथल्या डिंगोंची माणसाबद्दलची भीड चेपत गेली होती. त्या मुलामागोमाग तीसेक डिंगो मारले गेले. भरवणारा हात कोणाचा होता, हे कोणीच विचारत बसलं नाही.

जपानमधल्या नारा शहरातली हरणं तर खाऊवर वाकून नमस्कार करतात म्हणून प्रसिद्ध. त्यांच्यासाठी खास बिनसाखरेची पापडी विकतात, ती त्यांना चालतेही. पण खाऊ पिशवीतून येतो हे हरणाने एकदा शिकलं की पिशवीही खाऊच होते. २०१९ मध्ये काही महिन्यांत मेलेल्या चौदा हरणांपैकी नऊ जणांच्या पोटात प्लॅस्टिक निघालं, एकाच्या पोटातला गोळा ४.३ किलोचा होता. बालीतल्या उलुवाटू मंदिराजवळची माकडं पर्यटकांच्या वस्तू पळवतात आणि खाणं दिल्यावरच परत करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की प्रौढ माकडं ज्या वस्तूसाठी माणूस जास्त मोजतो तीच निवडून पळवतात आणि मोबदलाही चढा मागतात. हे वाचून नवरा म्हणाला, ‘म्हणजे त्यांनीही टूर कंपनी काढली.’ मला हसू आलं, पण मनगट आठवून ते पुरतं फुटलं नाही.

हे सगळं झालं सहाव्या ठिकाणाबद्दल. पण पत्राचं शीर्षक आभाराचं आहे आणि आभार पाचव्या ठिकाणासाठी आहेत. तसं ते ठिकाण तुमच्या यादीत नव्हतंच.

बिबट्याच्या शेपटीनंतर तासाभराने, तलावाकडून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. जादा चाकातही हवा नव्हती. चालकाने कोणालातरी फोन केला, दुसरं चाक यायला तास-सव्वा तास लागेल म्हणाला. गाईड हताश होऊन सांगायला लागले, ‘सॉरी, इथे बघण्यासारखं काही नाही.’ इंजिन बंद झालं. गाडीतलं गाणं बंद झालं. पाच मिनिटं सगळ्यांनी मोबाईल काढून बघितले, तिथे नेट चालत नव्हतं.

मग काय झालं ते सांगायला खास असं काही नाही. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, त्यांना उतरायचा कंटाळा. त्या म्हणाल्या, ‘तो बगळा केव्हाचा हलला नाहीये.’ काठाशी राखी बगळा उभा होता. आम्ही त्याच्यावर नजर ठेवली. मुलाने सेकंद मोजायला सुरुवात केली, सहाशेपर्यंत गेल्यावर कंटाळला, आणि तो कंटाळला त्याच क्षणी बगळ्याने मान सोडली. चोचीत मासा. मुलगा इतका चिडला, की मी मोजत असताना का नाही! मग त्याने पुन्हा मोजायला घेतलं.

वीसेक मिनिटांनी पाण्यापलीकडची झाडी हलली. हरणं होती. पुढची एक पाण्याशी येऊन थांबली, कान आमच्याकडे वळवून कितीतरी वेळ उभी राहिली, मग मान खाली घातली. त्याबरोबर बाकीची आली. आपल्याला ‘परवानगी’ मिळाली असं मला उगाचच वाटलं. कोणी कुजबुजायलाही तयार नव्हतं, आणि कोणी ‘शूऽऽ’ म्हटलेलं नव्हतं. रस्त्याच्या अलीकडून मुंगुसाची एक मादी तीन पिल्लं घेऊन गाडीच्या सावलीतून गेली. इतक्या जवळून की चाकाशी बसलेला चालक श्वास धरून राहिला. नंतर तो आपण होऊन बोलायला लागला. हरणं पाण्यावर कुठल्या वाटेने येतात, वाऱ्याची दिशा बदलली की का बिचकतात, त्याच्या लहानपणी याच काठावर पाणमांजरं कशी दिसायची. सकाळपासून हा माणूस आमच्याशी चार शब्द बोलला नव्हता. त्याला एवढं येतं हे तुमच्या पत्रकात कुठेच नाही. तिथे गाडीच्या एसीचा उल्लेख आहे.

सव्वा तासात एकाही चौकोनात खूण झाली नाही. बगळा यादीत नव्हता, मुंगूस यादीत नव्हतं. हरणाची खूण सकाळीच झाली होती, पळत्या गाडीतून.

घरी आल्यावर शाळेसाठी मुलाने सहलीवर चित्र काढलं. बगळा आणि पंक्चर झालेलं चाक. चाकाला जास्त जागा दिली होती.

मी तुमच्या पोटावर पाय द्यायला बसलेली नाही. गाईडची कमाई बक्षिसीवर चालते आणि बक्षिसी दिसलेल्या जनावराच्या आकारावर ठरते, हे मला त्या दिवशी कळलं. चालकाला दिवसाला दोन फेऱ्या करायच्या असतात. संध्याकाळी ‘काहीच नाही दिसलं, पैसे पाण्यात’ असं तोंडावर फेकणारी कुटुंबं तुम्हाला रोज भेटतात, आणि त्यातलं एक कदाचित आमचंच असतं, जर ती शेपटी नसती तर. पण ही अपेक्षा आमच्या मनात आपोआप उगवली नाही. ती लाल अक्षरांत छापून आमच्या हातात दिली होती. ती छापणं थांबवता येतं.

कडक नियमांनी धंदा बुडतो म्हणाल, तर रवांडा आणि युगांडातल्या डोंगरी गोरिलांकडे बघा. एका गटात जास्तीत जास्त आठ माणसं. गोरिलांजवळ एक तास, त्यावर मिनिट नाही. सर्दी-खोकला असलेल्याला नेत नाहीत, कारण आपले रोग त्यांना लागतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही, म्हणजे माझी दोन्ही पोरं बाहेर. तरीही जगभरचे लोक परवाने मिळवायला आधीपासून नंबर लावतात. आणि २०१८ मध्ये डोंगरी गोरिलांची संख्या हजाराच्या वर गेल्याचं दिसल्यावर ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीतून त्यांना एक पायरी खाली आणलं गेलं. त्यामागे वनरक्षकांचं, पशुवैद्यांचं कष्टाचं काम आहे, नुसत्या पर्यटनाचं ते श्रेय नव्हे. पण कडक नियम आणि चालता धंदा एकत्र नांदतात, एवढं तरी त्यातून कळतं.

माझ्या मागण्या फार नाहीत. ‘हमी’ हा शब्द काढून टाका. त्या जागी खरं ते लिहा: ‘दिसेल किंवा दिसणार नाही, काय घडतंय ते वाचायला मात्र शिकवू.’ आठ ठिकाणांची तीन करा. बुरूज आणि संग्रहालय कोणाला हवं असेल तर त्यांची वेगळी सहल काढा, त्या बिचाऱ्या संग्रहालयालाही न्याय मिळेल. जंगल पहाटे ठेवा, धबधबा दुपारी. धबधबा काही सावलीला जाऊन झोपत नाही. फोनवरून एकमेकांना जागा कळवून बारा गाड्या एका वळणावर गोळा करणं बंद करा. दोन गाड्या असतील तर तिसऱ्याने पुढे जावं. दाण्यांच्या पुड्या फेकून द्या आणि त्या कप्प्यात साबण ठेवा.

मुलांच्या यादीचं काय करायचं याचा मी बराच विचार केला. चौकोन काढू नका, पोरांना ते आवडतात. फक्त नावांऐवजी दुसरं काही लिहा. पाऊलखूण. झाडाच्या खोडावर अंग घासल्याची जागा. कोणीतरी कोणालातरी दिलेला इशारा. एकाच जागी न हलता दहा मिनिटं बसलेला पक्षी. आणि अंतर मोजण्याची युक्ती शिकवा, ती पोरांना जादूसारखी वाटते: हात लांब करून अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. मोठं जनावर अंगठ्याआड पूर्ण झाकलं गेलं तर अंतर बरं आहे. नाही झाकलं तर आपण फार जवळ आहोत, मागे सरायचं. यलोस्टोनचा नियम अस्वल आणि लांडग्यापासून सुमारे ९१ मीटर लांब राहण्याचा आहे, बायसन (अमेरिकेतला रानगवा) किंवा हरणापासून सुमारे २३ मीटर. पण मीटर कोण मोजत बसणार? अंगठा सगळ्यांकडे असतो. माझ्या मुलाने घरी आल्यावर या अंगठ्याने शेजाऱ्यांच्या मांजरीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळं मोजून काढलं आणि आजीला सुनावलं की ती टीव्हीच्या फार जवळ बसते.

आणखी एक, जरा अवघड मागणी. आम्ही गिऱ्हाईक असलो तरी आम्हाला रागवा. गाडीतून उतरलेल्या त्या गृहस्थाला कोणी हटकलं नाही, कारण तो पैसे देणारा होता. २०१६ मध्ये यलोस्टोनमध्येच काही पर्यटकांनी बायसनचं पिल्लू गारठलंय असं समजून उचलून गाडीत घातलं. हेतू चांगलाच होता. कळपाने ते पिल्लू परत घेतलं नाही. ते पुन्हा पुन्हा रस्त्यावर, गाड्यांकडे येत राहिलं, आणि शेवटी त्याला मारावं लागलं. आमच्यासारख्या चांगल्या हेतूच्या माणसांना वेळेवर ‘हात लावू नका’ म्हणणारा एक जण गाडीत हवा. तुमच्याशिवाय दुसरा कोण असणार तिथे?

माझ्या मुलीच्या लशीचे डोस पुरे झाले. प्रत्येक डोसला तिने मला विचारलं की त्या माकडालाही काही झालं असेल का, आणि दर वेळी मी विषय बदलला.

पुढच्या सुट्टीत आम्ही पाचही जण येणार आहोत. तीन ठिकाणं, पहाटेची वेळ, तलावाकाठी बंद इंजिनाचा एक तास, आणि तो न बोलणारा चालक. अशी सहल तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा. काहीच दिसलं नाही तरी तक्रार करणार नाही, हे लिहून देते. सासूबाईंनी दुर्बीण आणून ठेवली आहे आणि साबणाच्या दोन वड्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मधल्या सीटवरची एक प्रवासी

ता. क. शेपटीचा वाद अजून मिटलेला नाही. चौकोनात सध्या अर्धी खूण आहे आणि तिच्यापुढे मुलीच्या अक्षरात प्रश्नचिन्ह.